हिवटे: बर्फातल्या जमातीच्या प्रकल्प नोंदी

२ डिसेंबर

आजपासून नोंदी लिहायच्या असं ठरवलंय कारण मागच्या तीन महिन्यांत आमच्या कॉम्प्युटर गेमचं काय केलं ते आम्हा तिघांनाही सांगता येत नाही. तिघं म्हणजे मी (मॉडेलं आणि लिखाण), बारक्या म्हणजे मावसभाऊ (सगळं कोडिंग, नोकरी सांभाळून), आणि वहिनी (आवाज, कारण घरात कान तिचाच चांगला आहे, कुकरची शिट्टी दुसऱ्या घरची का आपली ते ती झोपेतनं सांगते). ऑफिस म्हणजे साताऱ्यात गोडोलीतली आमची गच्चीवरची खोली, खिडकीतनं अजिंक्यतारा दिसतो, बर्फाचा आणि आमचा संबंध फ्रिजपुरता.

गेममधल्या उत्तरेकडच्या मुलखात एक बर्फात राहणारी जमात पाहिजे. नाव ठरलंय, हिवटे. हिवट म्हणजे गारठलेलं, त्यावरनं. बारक्या म्हणतो आडनाव वाटतंय. वाटू दे.

सध्याची अवस्था: पांढरे केस, निळे चमकणारे डोळे, हातात लाकडाचं सोटं, दिसला माणूस की धाव अंगावर. मीच केलंय आणि मलाच बघून कंटाळा आला.

५ डिसेंबर

बारक्यानं आज दुसऱ्या गेममधले बर्फवाले दाखवले. स्कायरिममधले फाल्मर, म्हणजे मूळचे हिम-एल्फ, ड्वेमर नावाच्या दुसऱ्या जमातीच्या आसऱ्याला गेले आणि त्या ड्वेमरांनी विषारी बुरशी खायला घालून आंधळं केलं, आता जमिनीखाली राहतात. त्याच गेमच्या ड्रॅगनबॉर्न भागात रीकलिंग आहेत, बुटके निळे, रानडुकरावर बसून येतात, ते मला जाम आवडले. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमधले टस्कार, वॉलरससारखे सुळेवाले, मासे धरणारे, ते सगळ्यात घरगुती वाटले, त्यांना बघून वाटतं यांच्याकडं जेवायला जावं.

पण बघता बघता एक लक्षात आलं की यातल्या बऱ्याच जणांना बर्फ हा पडद्यासारखा मागं लावलाय. उचलून वाळवंटात ठेवले तर सुळे राहतील, डुक्कर राहील, फारसं काय अडणार नाही. आमच्या हिवट्यांचं तर काहीच अडणार नाही, सोटं घेऊन कुठंही धावतील. बारक्याला म्हणलं आपल्याला अशी जमात पाहिजे जी बर्फातनं काढली की मोडून पडली पाहिजे. तो म्हणला मग आधी तू बर्फ बघून ये. मुद्दा बरोबर होता म्हणून मी गप्प बसलो.

९ डिसेंबर

केसांनी वाट लावली. अंगावर थर चढवून केस दाखवायची पद्धत असते, म्हणजे तेच मॉडेल थोडं थोडं फुगवून एकावर एक काढायचं आणि प्रत्येक थरात टिपके ठेवायचे, लांबनं केस दिसतात. मी चोवीस थर लावले. एक हिवटा मस्त. चार हिवटे ठीक. अख्खी वस्ती उभी केली तर बारक्याचा लॅपटॉप ६० एफपीएसवरनं (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा) १९ वर आला आणि पंखा असा सुटला की आई खालनं ओरडली मिक्सर कोण लावतंय एवढ्या रात्री.

थर कमी केले तर टक्कल दिसतं. उद्या बघू.

१५ डिसेंबर

रविवार कामी आला. अपशिंग्याला मामाकडं गेलो, मामा फौजेतनं रिटायर, सियाचिनला राहून आलेला. गावाचं नावच अपशिंगे मिलिटरी, तिथं घरटी एक तरी फौजी निघतोच, आणि मी इतके दिवस बर्फाचे व्हिडिओ बघत बसलो होतो. डोकं म्हणून नाही.

मी वही काढून विचारलं, मामा तिथं सगळ्यात जास्त त्रास कशाचा, थंडीचा का वाऱ्याचा? मामा म्हणला, "पाण्याचा." मी म्हणलं पाणी? सगळीकडं बर्फ असताना? तर हसला आणि म्हणला, "अरं लेका पाण्याचीच तर बोंब होती. बुखारीवर डबा ठेवायचा, त्यात बर्फ कोंबायचा, परत कोंबायचा, परत कोंबायचा, आन खाली बघावं तर इवलंसं पाणी. त्याला पण घासलेटाचा वास. ते घासलेट वर आणायचं म्हणजे माणसाच्या जिवावर. मग आंघोळ कसली न काय."

बुखारी म्हणजे घासलेटची शेगडी, तंबूत गरम व्हायला पेटवतात. काजळी एवढी की थुकलं तरी काळं, टूथपेस्ट दगड, संत्रं फेकून मारलं तर डोकं फुटंल. हे संत्र्याचं मामा प्रत्येक लग्नात सांगतो त्यामुळं पाठ होतं, पण पाण्याचं आजवर कधी बोलला नव्हता. का ते विचारलं तर म्हणला कुणी विचारलंच न्हाय.

आणि चालायचं कसं, तर एका दोराला सगळे, एकामागं एक, पुढच्याच्या पावलात पाऊल. पुढचा बर्फ तुडवून वाट करतो, दमला की बाजूला होऊन शेवटाला जातो. भेगा बर्फानं झाकलेल्या असतात, पाय चुकला की गेला.

येताना एसटीत मला आज्जी आठवत होती, ती माणची, दहिवडीकडची. आज्जीच्या घरी पाहुणा आला की आधी गूळपाणी, आणि तांब्यात किती पाणी घालायचं ते टँकर कधी येऊन गेला त्यावर. म्हणजे बर्फ म्हणजे दुष्काळच आहे की. डोळ्यासमोर ढीग पडलाय आणि घोटभर नाही.

१६ डिसेंबर

रात्री झोप लागली नाही, आज प्रयोग. आमचा फ्रिज जुना, वरच्या कप्प्यात भुसभुशीत बर्फ साठतो. तो उलथन्यानं खरवडून तांब्याभर घेतला, न दाबता. वितळू दिला. खाली राहिलं ते पाव तांब्या पण नाही. आणि हा तरी जरा घट्ट होता, नुकता पडलेला हलका बर्फ दहा इंच असेल तर पाणी साधारण एक इंच होतं.

बरं नुसतं कमी नाही, महाग पण. शाळेत अप्रकट उष्मा होता तो आठवला का, एक ग्रॅम बर्फ शून्य अंशावरच राहून नुसता पाणी व्हायला ८० कॅलरी. तेवढ्याच उष्णतेत शून्य अंशाचं पाणी ऐंशी अंशावर जातं, म्हणजे चहाला आधण येत आलं. आणि नुसता बर्फ चघळला तर ती उष्णता अंगातनं जाते, तहान भागवायच्या नादात माणूस अजून गार. हे दहावीला दोन मार्काला लिहिलं होतं, तेव्हा कुणी सांगितलं नाही की हे जगण्यामरण्याचं आहे.

तर आता हिवट्यांचं सगळं यावरनं. जळण हाच पैसा. झाडं नाहीत, म्हणून केसाळ मेंढरं पाळतात, लोकरीसाठी आणि शेणासाठी. लडाखकडं याकचं शेण वाळवून जाळतात तसंच. एक शेणी म्हणजे तीन वाट्या पाणी, सगळा बाजार याच हिशोबात. बारक्या हसून लोळला, शेणाची करन्सी. पण अर्ध्या तासानं त्यानंच दुकानाच्या कोडमध्ये नाणी काढून शेण्या टाकल्या.

राम राम घालायची पद्धत पण सुचली. आपण म्हणतो जेवला का, ते म्हणणार "वितळलं का?" उत्तर, "वितळतंय."

सोटं काढून टाकलं. त्या लाकडाचं पाणी होतं, ते कोण मारामारीत मोडंल.

२२ डिसेंबर

केसांचा प्रश्न घोंगडीनं सुटला. मामानं तिथल्या कपड्यांचं सांगितलं होतं पण ते फौजेचे, आमच्या जमातीला कोण देणार. मग आज्जीची घोंगडी काढली पेटीतनं. काळी, जाड, अंगाला टोचणारी, आणि अजून तो वास, चिंचोक्याची खळ लावतात विणताना त्याचा. खळीमुळं ती ताठ राहते, पाऊस लगेच आत घेत नाही. धनगर पावसात तिची खोळ करून डोक्यावरनं सोडतात, पुढनं फक्त तोंड दिसतं. ती खोळ मी स्वतः घालून आरशासमोर उभा राहिलो, आई म्हणली मेंढरं कुठायत. फोटो काढले, तेच टेक्स्चर, म्हणजे मॉडेलवर चढवायचं चित्र.

आता केस फक्त तोंडाभोवती आणि हातावर, सहा थर पुरतात, वस्ती परत ५५ एफपीएसवर.

बारक्याचा आक्षेप असा की बर्फात काळं कोण घालतं, पांढरे पाहिजेत, लपायला. म्हणलं लपायचंय कुणापासनं? त्यांना एकमेकाला दिसायचंय, वादळात शेवटचा माणूस मागं राहिला तर. शिवाय काळं ऊन धरतं. आणि ध्रुवीय अस्वल पण आतनं काळंच असतं, कातडी काळी, केस बिनरंगी पोकळ, आपल्याला पांढरं दिसतं एवढंच. हे सांगितल्यावर तो गप झाला, अस्वलापुढं त्याचं काही चालत नाही.

अंगकाठी पण बदलली. थंड मुलखातल्या प्राण्यांचे कान, शेपट्या, पाय आखूड असतात, उष्णता जाऊ नये म्हणून, ध्रुवीय कोल्ह्याचे कान बघा आणि वाळवंटातल्या फेनेक कोल्ह्याचे बघा. म्हणून हिवटे बुटके, रुंद, कान जवळजवळ नाहीतच.

२९ डिसेंबर

वहिनीचा दिवस. बर्फावरच्या पावलांचा आवाज पाहिजे. सिनेमावाले लोक कॉर्नफ्लोअर पिशवीत भरून दाबतात हे ठाऊक होतं, पण मला वाटलं अफवा असंल. वहिनीनं दादाचा जुना लोकरी मोजा घेतला, त्यात पाव किलो कॉर्नफ्लोअर भरलं, तोंड बांधलं आणि दोन्ही हातानं पिळलं.

अंगावर काटा आला. करकर आणि किरकिर याच्या मधलं काहीतरी, दात शिवशिवतात तसं.

रेकॉर्डिंग रात्री दोनला, कारण त्याआधी रस्त्यावरनं ऊसवाले ट्रॅक्टर जातात गाणी लावून. पंखा बंद, फ्रिज बंद, खिडकीला गादी. चौथ्या टेकला कुत्रं. सातव्या टेकला दादा उठून आला आणि मोजा ओळखला. नवव्याला जमलं.

मामाला फोनवर ऐकवलं. बराच वेळ बोलला नाही. मग म्हणला, "ह्यो लय थंडीतला हाय. दुपारचा येगळा येतो, भसकन जातो पाय." म्हणजे बर्फ जितका थंड तितका करकरतो आणि उन्हानं मऊ पडला की दबका, ओला आवाज. मग दुपारच्यासाठी वहिनीनं खडेमीठ आणि ओला टॉवेल वापरला. आता गेममध्ये वेळेप्रमाणं पावलाचा आवाज बदलतो. मोठ्या कंपनीच्या गेममध्ये हे असंल नसंल, आमच्याकडं हाय.

७ जानेवारी

पेपरात आलं महाबळेश्वरला वेण्णा लेकला दवबिंदू गोठले, की आम्ही निघालो. पहाटे साडेतीनला दोन गाड्या, मेढा करून केळघर घाटातनं वर. हातमोज्याच्या आत हात आहेत का नाहीत कळत नव्हतं. घाटात चहा कुठंच नाही.

दरवर्षी सातारकर याला बर्फ पडला म्हणतात, बर्फ पडत नाही, रात्री आभाळ निरभ्र असलं की जमीन आपली उष्णता सोडून देते, गार हवा जड म्हणून तळ्याच्या खोलगट भागात उतरून बसते, आणि दव तिथल्या तिथं गोठतं. म्हणून बाजारपेठेत काही नसतं आणि तळ्याकाठी सगळं पांढरं.

टॉर्च मारून गवत बघितलं. प्रत्येक पात्याच्या कडेला बारीक काटे उभे, मधली शीर उघडी. मी आजवर शेडरमध्ये (वस्तूचा पृष्ठभाग कसा दिसायचा ते ठरवणारं कोड) बर्फ वरनं पसरून द्यायचो, जे वर तोंड करून आहे ते पांढरं, इथं तर कडा आधी धरतात. जीपच्या टपावर नख ओढलं तर साखरेसारखा थर निघाला, जिभेवर ठेवला (बारक्यानं, मी नाही), म्हणला चव नाय पण जीभ गेली. घोडेवाले शेकोटी करून बसले होते, त्यांनी जागा दिली, आम्ही जमिनीवर पालथं पडून गवताचे फोटो काढतोय बघून एकानं विचारलं काय हरवलंय का.

सूर्य वर आला आणि वीसेक मिनिटांत नुसतं ओलं गवत. दोनशे फोटो. येताना स्ट्रॉबेरी घेतली, आईला काहीतरी कारण दाखवायला पाहिजे.

१२ जानेवारी

काठाचं दव शेडरमध्ये घातलं. बास, एवढंच झालं. वीज दोनदा गेली.

१८ जानेवारी

पाऊलखुणा. बारक्याचं काम पण त्यानं शिव्या दिल्या त्या मी लिहून ठेवतो, शिव्या सोडून. गोडॉटमध्ये (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) वेगळा सबव्ह्यूपोर्ट घेतलाय, म्हणजे पडद्याआड चित्र काढायची जागा, त्यात पाय पडला की काळा ठिपका, पुसायचं कधीच नाही असं सेटिंग, आणि जमिनीचा शेडर ते चित्र वाचून तिथला बर्फ खाली दाबतो. छान. पण चित्र खेळाडूबरोबर सरकतं, त्यामुळं आपण चाललो की सगळ्या खुणा पण आपल्याबरोबर चालायला लागल्या, भुताटकी. मग खेळाडू जेवढा सरकला तेवढं आधीचं चित्र उलटं सरकवलं. तर खुणा पुसट व्हायला लागल्या, दहा पावलात गायब. दोन रात्री गेल्या. शेवटी कळलं की सरकवणं पूर्ण पिक्सेलच्या पटीतच पाहिजे, अर्धा पिक्सेल सरकला की रंग शेजारच्यात मिसळतो आणि दर फ्रेमला थोडं थोडं पुसलं जातं.

हिवट्यांचं चालणं मात्र फुकटात झालं. प्रत्येकाला स्वतंत्र वाट शोधायला लावली तर लॅपटॉप झोपतो, म्हणून पहिला वाट शोधतो आणि बाकीचे पुढच्याची जागा ०.४ सेकंद उशिरा घेतात. म्हणजे आपोआप पुढच्याच्या पावलात पाऊल. पुढचा दमला की बाजूला होतो, ओळ जाऊ देतो, शेवटाला लागतो. लांबनं बघितलं तर काळ्या घोंगड्यांची एक रांग आणि मागं एकच पायवाट, माणसं किती गेली कळत नाही. मी ते तीन तास बघत बसलो, कामाच्या नावाखाली.

२६ जानेवारी

झेंडावंदन, कंदी पेढे, झोप.

२ फेब्रुवारी

चेहऱ्याचा घोळ. बर्फावरनं ऊन परत उसळतं, ताजा बर्फ असला तर अतिनील किरणांतले ८० टक्क्यांपर्यंत परत येतात, काही काळ दिसेनासं होतं त्यानं. ध्रुवाकडचे इन्युइट लोक हाडाचे नाहीतर लाकडाचे चष्मे करायचे, नुसती बारीक फट ठेवून. ते आमच्या हिवट्यांना दिले, निळे चमकते डोळे गेले एकदाचे. पण आता डोळे नाहीत, कान नाहीत, तोंड लोकरीत. राग आला का हसतोय कसं कळणार?

वहिनी चहा घेऊन आली होती, म्हणली, "भाऊजी, तोंडातनं वाफ येतीय की." बास. वाफेचे बारके बारके भसके म्हणजे हसू. लांब एकच म्हणजे राग. वाफ थांबली म्हणजे ऐकतोय. दोन ओळींचं कोड, पार्टिकल (वाफेचे, धुराचे ठिपके) तर आधीच होते. मी दोन आठवडे मॉडेलच्या भुवया हलवायची हाडं बसवत होतो.

१० फेब्रुवारी

बिल्डिंगमधली पाच पोरं खेळायला बसवली. पाचही पोरांनी वस्तीत शिरल्या शिरल्या मशाल पेटवली, अंधार दिसला म्हणून. जळण उधळलं म्हणून हिवट्यांनी पाठ फिरवली, दुकान बंद, कुणी बोलेना. पोरं म्हणाली गेम हँग झाला. एकानं शेण्यांच्या ढिगाला आग लावून बघितली, तो मोठा होऊन काय होणार देव जाणे.

चूक त्यांची नाही. आम्ही नियम केला पण दाखवला कुठंच नाही. बारक्या म्हणतो पाटी लावू, "इथे जळण वाया घालवू नये". एसटी स्टँड आहे का तो.

१६ फेब्रुवारी

पाटी नाही लावली. वस्तीच्या तोंडाशी पहिली म्हातारी बसवली. ती वाटी उपडी करून हातावर शेवटचा थेंब घेते, तो गालाला लावते, मग चुलीतली न जळलेली शेणी चिमट्यानं काढून विझवून बाजूला ठेवते. नऊ सेकंदांचं ॲनिमेशन, मला पाच दिवस लागले, बोटं वाटीच्या आत जात होती. आज्जी असंच करायची, लाकडं पुढं ओढून घ्यायची भाकरी झाली की. आणि खेळाडूला अर्धी वाटी पाणी देते. सगळं प्यायलं तर काही नाही. शेवटचा घोट ठेवून वाटी परत दिली तर तिची वाफ बारीक बारीक येते. हे कुणालाच सांगितलेलं नाही गेममध्ये.

परत पोरं बसवली. तिघांनी मशाल पेटवली नाही. आगवाल्यानं पेटवली, पण मग विझवली.

२२ फेब्रुवारी

मामा आला होता. लॅपटॉपसमोर बसवला, हातात माऊस दिला. त्यानं कामगिरी बिमगिरी काही घेतली नाही, रांगेच्या मागं मागं चालत गेला, झोपडीत शिरला आणि शेगडीपाशी नुसता उभा राहिला. पाच मिनिटं तरी. बारक्या मला कोपरानं ढोसत होता की हँग झालंय का बघ.

मग मामा म्हणला, "झोपडी लय सोच्छ हाय रं."

म्हणलं म्हणजे?

"एवढी शेगडी जळतीय, छत पांढरं कसं?"

बरोबर आहे. खोली बंद, हवा कमी, शेण जळतंय, काजळी छतालाच जाणार. आणि ज्योत मी निळसर केली होती गॅससारखी, ती पिवळी, धुरकट पाहिजे. मामानं स्क्रीनवर बोट ठेवून कुठं जास्त काळं, कुठं कमी ते दाखवलं, दाराशी कमी कारण तिथनं वारा येतो, शेगडीच्या बरोबर वर थर लोंबतो तो अधनंमधनं पाण्यात पडतो. बोटाचा डाग स्क्रीनवर राहिलाय, पुसला नाही अजून, मापाला बरा आहे.

उद्याची कामं: छत काळं करणे, ज्योत पिवळी. पाण्याच्या डब्यात मधनंच काजळीचा कण पडणे (बारक्या). दादाला नवीन मोजे आणणे.